"औषधांचं पालक आणि डॉक्टर बघतील" म्हणणाऱ्या आमच्या लीगच्या समितीला खुलं पत्र

आदरणीय अध्यक्ष आणि समितीतले सगळे सदस्य,

सप्रेम नमस्कार.

मागच्या मीटिंगमधे मी एक साधा प्रस्ताव ठेवला होता. सीझन सुरू व्हायच्या आधी पालक आणि मुलं दोघांना एकत्र बसवून अर्धा तास दुखापतीनंतरच्या पेनकिलर गोळ्यांबद्दल बोलायचं, त्यातही ओपिऑइड म्हणजे अफूच्या जातीतल्या ज्या गोळ्या सर्जरीनंतर देतात त्यांच्याबद्दल, आणि तीच माहिती एका पानावर छापून इंज्युरी फॉर्मला जोडायची. एवढंच. पाच मिनिटांत उत्तर मिळालं की हा मेडिकल विषय आहे, औषधांचं पालक आणि डॉक्टर बघतील, लीगने खेळापुरतं बोलावं, आणि असं काही सांगितलं तर पालक घाबरून मुलांना काढून घेतील.

मी त्या दिवशी काही बोलले नाही कारण बोलायला गेले असते तर रडू आलं असतं. आता लिहितेय. उघड लिहितेय कारण हा विषय फक्त माझा आणि तुमचा नाहीये, तुमच्याकडे नाव नोंदवलेल्या प्रत्येक मुलाच्या घरचा आहे.

माझा मुलगा तुमच्याकडे सात वर्षं फुटबॉल खेळला. १६ वर्षांचा असताना मॅचमधे वळताना त्याचा गुडघा फिरला, एसीएल हे गुडघ्यातलं लिगामेंट तुटलं, सर्जरी झाली. हे तुम्हाला माहितीये, स्ट्रेचर तुमच्याच लोकांनी उचललं होतं आणि त्या दिवशी सगळ्यांनी खूप धावपळ केली, त्याबद्दल मी आजही मनापासून आभारी आहे. त्यानंतर काय झालं ते तुम्हाला माहिती नाही, कारण त्यानंतर कोणी विचारलंच नाही.

घरी सोडताना ऑक्सिकोडोन या ओपिऑइडच्या ४० गोळ्या मिळाल्या. दर चार ते सहा तासांनी एक, गरजेप्रमाणे. गरज कोणी ठरवायची ते लिहिलं नव्हतं. कधी थांबायचं तेही नाही. एवढंच सांगितलं होतं की दुखणं वाढायची वाट बघू नका, आधीच गोळी द्या, म्हणून मी मोबाईलवर दर चार तासांचा अलार्म लावला, रात्री उठून उठून त्याला गोळी दिली आणि मला वाटत होतं की मी किती छान काळजी घेतेय. त्याला कुबड्या घेऊन उठायला नको म्हणून बाटली मीच त्याच्या उशाशी ठेवली. गोळ्या मोजायच्या असतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मलाही सुचलं नाही.

पहिले तीन-चार दिवस त्याला त्या गोळीची खरंच गरज होती, हे आधीच सांगते. मी गोळीच्या विरोधात नाहीये. हाड किंवा लिगामेंटची सर्जरी झालेल्या पोराला कळवळत ठेवणं हा क्रूरपणा आहे आणि या पत्रामुळे एखाद्या आईने घाबरून मुलाला औषधच दिलं नाही तर मला फार वाईट वाटेल. प्रश्न पाचव्या दिवसापासून सुरू होतो. सूज उतरते, दुखणं सहन होण्याइतकं येतं, पण बाटलीत अजून गोळ्या असतात आणि पोराला तोवर कळलेलं असतं की ही गोळी घेतली की गुडघाच नाही, बाकीचंही काही दुखत नाही.

हे "बाकीचं" काय असतं ते तुम्ही समजून घ्यावं अशी माझी कळकळीची विनंती आहे. सात वर्षं ज्या पोराचा दिवस प्रॅक्टिसने सुरू व्हायचा आणि प्रॅक्टिसने संपायचा तो एका दुपारी कॉटवर येऊन पडला. नऊ महिने तरी खेळता येणार नाही असं त्याला सांगितलेलं. आठव्या दिवशी त्याला टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं, कारण ग्रुप फक्त निवडलेल्या खेळाडूंचा होता. नियम असेल, कुणाच्या मनात वाईट नव्हतं हे मला मान्य आहे, पण त्या रात्री त्याने दोन गोळ्या घेतल्या, असं त्याने मला पुढे कित्येक महिन्यांनी सांगितलं. "आई, गोळी घेतली की मला आठवायचं नाही की मी टीममधे नाहीये." हे वाक्य मी आयुष्यात विसरणार नाही.

बाराव्या दिवशी बाटली संपली. मला वाटलं झालं, सुटलो. पण टीममधल्याच एका मुलाकडे त्याच्या खांद्याच्या सर्जरीनंतरच्या वीसेक गोळ्या शिल्लक होत्या आणि त्याने त्या मित्राला दुखतंय म्हणून प्रेमाने आणून दिल्या. त्या मुलावर माझा काडीचाही राग नाही. उरलेल्या गोळ्या दुसऱ्याला द्यायच्या नसतात हे त्याला कुणी शिकवलं होतं? त्याच्या घरच्यांना कुणी सांगितलं होतं की उरलेल्या गोळ्या कपाटात ठेवायच्या नसतात?

त्या संपल्यावर एका रात्री त्याला सारख्या जांभया यायला लागल्या, नाक गळायला लागलं, अंगावर काटा, पोटात मुरडा, पाय स्थिर राहीनात. मी फ्लू समजून तापाचं औषध दिलं. दोन दिवसांनी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यातल्या मोठ्या झालेल्या बाहुल्या बघितल्या, मला बाहेर बसवलं, त्याच्याशी एकट्याशी बोलले आणि मग मला आत बोलावून सांगितलं की हा फ्लू नाही, गोळ्या अचानक बंद झाल्यामुळे शरीर असं वागतंय. त्याच्या फोनमधे नंतर मला एक चॅट सापडलं. कुणा अनोळखी माणसाला त्याने सुट्या गोळ्यांचा भाव विचारला होता. उत्तर आलेलं होतं, पैसे दिलेले नव्हते. मधे किती दिवस राहिले असतील, मला विचार करवत नाही. बाहेर अशा सुट्या मिळणाऱ्या गोळ्या दिसायला अगदी खऱ्यासारख्या असतात आणि आत फेंटानिल नावाचं फार तीव्र ओपिऑइड असू शकतं. त्याचे दोन मिलिग्रॅम, म्हणजे पेन्सिलीच्या टोकावर मावेल एवढी पूड, माणसाला मारायला पुरू शकतात.

आम्ही वाचलो. या विषयातले डॉक्टर मिळाले, ब्युप्रेनॉर्फिन नावाचं, गोळ्यांची ओढ कमी करणारं औषध सुरू झालं, सोबत समुपदेशन. या सगळ्याला आता दोन वर्षं झाली. तो बरा आहे, हे पत्र त्याने वाचलंय, त्यातली दोन वाक्यं त्याने खोडायला लावली आणि बाकीचं छापायला परवानगी दिली.

आता तुमच्याकडे येते. माझ्या तक्रारी एक एक करून सांगते, कुणा एका माणसावर नाहीत, आपण सगळ्यांनी मिळून जी पद्धत चालवलीये तिच्यावर आहेत.

पहिली तक्रार "गोळी मार आणि उतर" या वाक्याची. हे वाक्य मी मैदानाच्या कडेला उभं राहून कितीतरी वेळा ऐकलंय, कोचच्या तोंडून, पालकांच्या तोंडून, आणि एकदा माझ्या स्वतःच्याही तोंडून निघालं होतं. तेव्हा गोळी साधी असते हे खरं, पण दुखणं हा शरीराचा निरोप आहे आणि तो ऐकायच्या ऐवजी गोळीने दाबायचा असतो हे पोर तिथेच शिकतं, बारा-तेरा वर्षांचं असताना. पुढे हातात जास्त ताकदीची गोळी येते तेव्हा तो धडा आधीच पाठ झालेला असतो. आणि दुखणं दाबून खेळलं की तीच दुखापत वाढते, हे मी तुम्हाला सांगायची गरज नाही.

दुसरी तक्रार तुमच्या फॉर्मची. परत खेळायला येताना डॉक्टर फिट म्हणतात का एवढंच त्यात विचारलंय. मुलगा सध्या कुठली औषधं घेतोय हा प्रश्नच नाही. झोप आणणारी, प्रतिक्रिया मंद करणारी गोळी पोटात असताना एखादा मुलगा हेडिंग करायला उडी मारू शकतो आणि तुमच्या कागदावर तो फिट असतो.

तिसरी आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठी तक्रार तुमच्या शिस्तीच्या नियमाची. नशेच्या पदार्थाशी संबंध आढळल्यास कायमची हकालपट्टी, असं लिहिलंय. मला कळतं की तो नियम चांगल्या हेतूने केलाय. पण माझ्या मुलाला सहाव्या आठवड्यातच कळलं होतं की आपलं काहीतरी चुकतंय आणि तो कोचना सांगणार होता, मला नाही, कोचना, कारण त्याचा त्यांच्यावर माझ्यापेक्षा जास्त विश्वास होता. नियम आठवला आणि तो गप्प बसला. त्याच्या हातातली पहिली गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर आलेली होती हो, तो कुठल्या गल्लीत जाऊन नशा करायला शिकला नव्हता. ज्या माणसाला सांगितलं असतं तर तीन महिने वाचले असते त्याच माणसाची त्याला तुम्ही भीती घातलीत.

चौथी, फर्स्ट एड किट. त्यात बर्फाचा स्प्रे आहे, क्रेप बँडेज आहे, नॅलोक्सोन नाही. ओपिऑइड जास्त झालं की माणसाचा श्वास मंदावत मंदावत थांबतो आणि नाकात मारायचा नॅलोक्सोनचा स्प्रे तो परत आणू शकतो. अमेरिकेत २०२३ पासून हा स्प्रे चिठ्ठीशिवाय विकायला परवानगी आहे. तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने १० ते १९ वयाच्या मुलांच्या ओव्हरडोस मृत्यूंचा अभ्यास २०२२ मधे मांडला, त्यात साधारण दोन तृतीयांश प्रकरणांत जवळपास कुणीतरी होतं आणि तरी बहुतेक वेळा मदत झालीच नाही, काही वेळा तर काय चाललंय हे कळलंच नाही म्हणून. ओठ-नखं निळी पडणं, बाहुल्या टाचणीएवढ्या होणं, घोरल्यासारखा किंवा घरघरता श्वास, हलवूनही जाग न येणं. ही चार लक्षणं सांगायला चार मिनिटं लागतात. असं दिसलं की लगेच ॲम्ब्युलन्स बोलवायची, स्प्रे मारायचा आणि मुलाला एकटं सोडायचं नाही.

तुम्ही म्हणालात हा मेडिकल विषय आहे. मग डॉक्टर काय म्हणतात ते बघू. अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडिॲट्रिक्स या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मधे मुलांच्या तात्पुरत्या दुखण्यासाठी ओपिऑइड कसं द्यावं याची मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यांनीही गोळीवर बंदी घाला असं म्हटलेलं नाही. फक्त ओपिऑइडवर सुरुवात करू नका, पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन, बर्फ, फिजिओ हे सोबत असू द्या, लागलंच तर कमीत कमी डोस आणि साधारण पाच दिवसांपेक्षा जास्त पुरवठा नको, सोबत नॅलोक्सोन द्या, गोळ्या कुलपात ठेवायला आणि उरलेल्या परत करायला सांगा, असं त्याचं सार आहे. आम्हाला मिळालेल्या ४० गोळ्या आठवा.

आणि साधी औषधं म्हणजे कमकुवत औषधं असंही नाही. कॅनडात हात-पाय मोडलेल्या ५ ते १७ वर्षांच्या मुलांवर एक अभ्यास झाला होता, २०१४ मधे छापून आला, घरी गेल्यावर काहींना तोंडाने घ्यायचं मॉर्फिन हे ओपिऑइड आणि काहींना आयबुप्रोफेन. दुखणं कमी होण्यात म्हणावा असा फरक दिसला नाही, मळमळ-गुंगीसारखे त्रास मात्र मॉर्फिनवाल्यांना जास्त. मोठ्या सर्जरीचं गणित वेगळं असतं हे मान्य, पण आमच्या लीगमधे मोडलेलं मनगट आणि मुरगळलेला घोटा हेच तर जास्त असतं.

२०१८ मधे अमेरिकेतल्याच एका मोठ्या अभ्यासात १३ ते २१ वयाच्या, आधी कधी ओपिऑइड न घेतलेल्या मुलांच्या नेहमीच्या सर्जरी तपासल्या. सर्जरी होऊन तीन ते सहा महिने झाल्यावरही ४.८ टक्के मुलांनी ओपिऑइडची चिठ्ठी परत भरून घेतली होती, सर्जरी न झालेल्यांत हेच प्रमाण ०.१ टक्के. या सगळ्यांना व्यसन लागलं असा याचा अर्थ नाही, पण वीसातलं जवळजवळ एक पोर अशा गोळीवर आहे जी पहिल्या आठवड्यात संपायला हवी होती. आपल्या लीगमधे किती मुलांच्या सर्जरी झाल्या ते तुम्हाला माहितीये, आकडा तुम्हीच मांडा.

हेही लक्षात घ्या की "हलकी" समजली जाणारी गोळी हलकी असतेच असं नाही. कोडीन आणि ट्रॅमाडॉल ही ओपिऑइडच आहेत, काही मुलांच्या शरीरात ती अनुवांशिक कारणाने फार वेगाने बदलतात आणि नेहमीच्या डोसलाही श्वास धोक्यात येऊ शकतो, म्हणून अमेरिकेत औषधांना परवानगी देणाऱ्या एफडीए या सरकारी संस्थेने २०१७ मधे १२ वर्षांखालच्या मुलांना ही औषधं देऊ नका असं स्पष्ट केलं, आणि १२ ते १८ मधेही ज्यांचं वजन खूप जास्त आहे किंवा झोपेत श्वास अडकतो त्यांच्याबाबत इशारा दिला. आमच्या मैदानावर मी एका पालकाला दुसऱ्याला सांगताना ऐकलंय की ट्रॅमाडॉल दे, ती साधीच असते. तसंच काही ओपिऑइड गोळ्यांमधे पॅरासिटामॉल मिसळलेलंच असतं, वरून वेगळं पॅरासिटामॉल दिलं की लिव्हरवर ताण, हे कुणाला माहिती असतं? मला नव्हतं.

आणि खेळ चालवणाऱ्यांनी यावर बोलायचं नसतं असंही नाहीये. अमेरिकेतल्या न्यू जर्सी राज्यात शाळांनी दरवर्षी खेळणाऱ्या मुलांना आणि पालकांना ओपिऑइडचं माहितीपत्रक द्यायचं आणि वाचल्याची सही घ्यायची असा कायदा आहे. एक पान आणि एक सही. मी तुमच्याकडे तेवढंच मागितलं होतं.

पालक घाबरतील म्हणालात. थोडे घाबरतील, आणि मग बाटली उशाशी न ठेवता कपाटात कुलपात ठेवतील, अलार्म लावायच्या ऐवजी गोळ्या मोजतील. मला तेव्हा कुणीतरी एवढं घाबरवायला हवं होतं.

आता मागण्या सांगते.

सीझनच्या आधीची अर्ध्या तासाची बैठक आणि इंज्युरी फॉर्मला एक पान. त्या पानावर डॉक्टरांना विचारायचे प्रश्न असावेत, म्हणजे आधी साध्या औषधांवर भागेल का, ओपिऑइडच लागणार असेल तर नेमक्या किती गोळ्या आणि कुठल्या दिवशी थांबायचं, घरात कोणाला किंवा मुलाला आधी व्यसनाचा किंवा नैराश्याचा त्रास असेल तर काय, झोपेच्या गोळ्या किंवा दारू यांच्याबरोबर काय होतं, उरलेल्या कुठे परत करायच्या. बरेच दिवस घेतल्या असतील तर अचानक बंद न करता डॉक्टरांना विचारून कमी करायच्या, हेही त्यात हवं.

कोच, असिस्टंट, मॅनेजर, कुणीही मुलाला कुठलीही पेनकिलर द्यायची नाही आणि सुचवायचीही नाही. ओपिऑइड चालू असलेला मुलगा प्रॅक्टिसलाही उतरणार नाही आणि परतीच्या फॉर्मवर औषधांची ओळ असेल.

प्रत्येक टीममधे एक मोठा माणूस ठरवा ज्याने जखमी मुलाला आठवड्यातून एकदा फोन करायचा. "कधी परत येतोयस" हे विचारायला नाही, तो प्रश्न आम्हाला चौथ्या दिवशी आला होता आणि त्याने पोर अजूनच खचलं. झोप कशी आहे, दुखणं कसं आहे, गोळ्या बंद झाल्या का, एवढंच विचारायचं. आणि त्याला ग्रुपमधून काढायचं नाही. मैदानाच्या कडेला बसून स्कोर लिहायचं काम द्या, लहान मुलांच्या वॉर्मअपला उभं करा, काहीही, पण तो टीमचा राहिला पाहिजे.

प्रत्येक मैदानावर नॅलोक्सोन आणि ते वापरता येणारी किमान दोन माणसं.

आणि तो हकालपट्टीचा नियम बदला. जो मुलगा स्वतःहून येऊन सांगेल की मला गोळ्या सोडता येत नाहीयेत, त्याला शिक्षा होणार नाही, त्याची जागा जाणार नाही, त्याला उपचारापर्यंत पोचवलं जाईल, असं स्पष्ट शब्दांत लिहा आणि मुलांसमोर मोठ्याने वाचा. बाकीच्या मागण्यांत काही पुढे-मागे झालं तर मी समजून घेईन, या एका मागणीत मी मागे हटणार नाही.

पुढच्या मीटिंगच्या अजेंड्यावर हा विषय पहिल्या नंबरवर घ्यावा आणि जो काय निर्णय होईल तो लेखी सगळ्या पालकांना पाठवावा, हो असला तरी आणि नाही असला तरी. ते एक पान मी मसुदा करून ठेवलंय, मुलाच्या डॉक्टरांनी तपासून दिलंय. छपाई, वाटप, नोंदणीच्या टेबलावर बसून पालकांना समजावून सांगणं, हे सगळं मी करते, तुम्ही फक्त जागा द्या. माझा मुलगा म्हणालाय की समितीला चालणार असेल तर त्या बैठकीत मुलांशी दहा मिनिटं तो स्वतः बोलेल, पण त्या वेळी पालकांनी आणि कोचनी बाहेर थांबायचं.

आपली,
तुमच्या एका जुन्या खेळाडूची आई